चाकसूचं गार जेवण

जयपूरची थंडी हळूहळू कमी होत नाही, एके दिवशी सरळ उठून चालायला लागते. आदल्या संध्याकाळी शाल लागते आणि दुसऱ्या दुपारी आपण पंख्याचं बटण शोधतो. मानसरोवरातल्या आमच्या गल्लीत त्याच सुमाराला कडुनिंबाची पानं पिवळी पडून गळायला लागतात. स्कूटरच्या सीटवर, दोरीवरच्या चादरींवर, दारातल्या दुधाच्या पिशवीवर, जिकडे बघावं तिकडे पानं. झाडणारी बाई सकाळी त्यांचे ढीग करून जाते आणि दहाच्या वाऱ्यात ते ढीग पुन्हा गल्लीभर होतात. या दिवसांत एक बुधवार येतो. मी, माझा नवरा विश्वास आणि मुलगी ईशा, आम्ही तिघं ऑफिस-शाळेच्या आधी चर्चला जाऊन येतो. परत येताना तिघांच्या कपाळावर राखेचा क्रूस असतो. आमचा उपवासकाळ सुरू झालेला असतो. ईस्टरपर्यंत चाळीस दिवस.

इथल्या हिंदी चर्चमध्ये या दिवसांना चालीसा म्हणतात. जयपूरला आलो त्या पहिल्या वर्षी शेजारच्या भाभीजी लाडू घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना सांगितलं, माझा चालीसा सुरू आहे, चाळीस दिवस गोड खायचं नाही. त्यांना फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्या मला त्यांच्या चालीसाची लाल कव्हरची छोटी पुस्तिका देऊन गेल्या. माझ्याकडे नसेल तर म्हणून. मी ती परत करू शकले नाही. अजून आमच्या कपाटात आहे.

राख लावून घेतली की हल्ली मला तीन वर्षांपूर्वीचा उपवासकाळ आठवतो. पण त्याच्याआधी बाबा आठवतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दल सांगते.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात बाबा धर्मशिक्षक होते. आम्हा मुलांना प्रार्थना शिकवायचे, फादर दुसऱ्या गावाला गेले असले की रविवारची प्रार्थना चालवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. त्यांना तंबाखूचं व्यसन होतं. दर वर्षी राखेच्या बुधवारी ते तंबाखूची चंची आईच्या हातात द्यायचे, सगळ्यांच्या देखत, अगदी गंभीर चेहऱ्याने. आणि दर वर्षी दुसऱ्या आठवड्यात कुठून तरी चिमूटभर मिळवायचे. मी दहा वर्षांची असताना एकदा त्यांना गोठ्यामागे पकडलं. मला रडूच आलं. बाबांनी गडबडीने थुंकून तोंड पुसलं, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “शालू, उद्यापासून परत सुरू करतो. देवाला माझी सवय झालीये.”

त्या संध्याकाळी आम्ही क्रूसाची वाट करायला गेलो. येशूने क्रूस वाहिला त्याची आठवण म्हणून शेताच्या कडेने चौदा ठिकाणी थांबत, गात, गुडघे टेकत. ज्वारी काढून झाली होती आणि खुंट पायाला टोचत होते. सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा होता. सगळ्यांत आनंदी चेहराही त्यांचाच. मला त्यांची लाज वाटली. वचन मोडलेला माणूस इतक्या मोकळ्या गळ्याने गातोच कसा, हे मला कळेना. मी मनाशी ठरवून टाकलं की आपण असं व्हायचं नाही.

आणि खरोखर मी तशी झाले नाही. सोडलं ते चाळीस दिवस सोडलं. गोड, मटण, सिनेमा, एका वर्षी तर मधल्या वेळचं खाणंसुद्धा. लग्न झालं, विश्वासच्या कंपनीमुळे जयपूरला आलो, मी इथल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागले, पण माझा उपवासकाळ कधी बिघडला नाही. वॉर्डातही माझा तसाच लौकिक होता. साडेसात म्हणजे साडेसात. विद्यार्थिनींनी मला ‘घड़ीवाली मैडम’ असं नाव ठेवलं होतं. ते मला माहीत होतं आणि, खरं सांगते, आवडतही होतं.

मनभर माझी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. चाकसूची. जयपूरहून टोंक रोडने तासाभरावर तिचं गाव. दोन मुलींनंतर तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा आता मन भरलं, मुली पुरे झाल्या, म्हणून आजोबांनी मनभर नाव ठेवलं. हे तिने स्वतःच मला सांगितलं होतं, हसत. आपल्याकडे नकोशी ठेवतात तसंच. पण निदान ऐकायला सुंदर आहे, असं मी म्हटल्यावर ती आणखी हसली होती. उंच, सावळी, थोडी वाकून चालणारी. पेशंटच्या कॉटपाशी गेली की तिचं वाकणं शोभायचं, जणू ती ऐकण्यासाठीच वाकली आहे.

जानेवारीतली सकाळ होती. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एक म्हातारेबाबा दाखल होते. ऑपरेशनच्या दिवशी पेशंटला उपाशी ठेवतात. त्याच्या कॉटला लाल अक्षरांचं एक कार्ड अडकवतात, काही खायला-प्यायला देऊ नका म्हणून. विद्यार्थिनी काम करायच्या त्या वॉर्डात ते कार्ड लावणं आणि त्यांना तसं सांगणं हे माझं काम होतं. त्या आठवड्यात कॉलेजची तपासणी व्हायची होती आणि माझ्या हातात फायलींचा गठ्ठा होता. कार्ड मी कोटाच्या खिशात टाकलं, वॉर्डात शिरता शिरता प्राचार्यांचा फोन आला, आणि बोलत बोलत मी बाहेर गेले.

इकडे म्हाताऱ्या बाबांना थंडी वाजत होती. त्यांनी मनभरला म्हटलं, बेटी, एक चहा पाज. तिने चहा आणला, वर दोन टोस्ट आणले आणि ते चहात बुडवून त्यांना भरवलेसुद्धा, कारण त्यांचे हात थरथरत होते. अर्ध्या तासाने त्यांना न्यायला माणसं आली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा म्हाताऱ्या बाबांनी खुशीत सांगितलं की चहा-टोस्ट झाला आहे. ऑपरेशन रद्द झालं.

सर्जन वॉर्डात आले ते तापूनच. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं की या मुलींना कोणी काही सांगतं की नाही. माझा उजवा हात तेव्हा कोटाच्या खिशात होता. बोटांना कार्डाचा कोपरा लागत होता. मी म्हणाले, “मैंने बताया था इसे.”

एवढंच. चार शब्द. ते तोंडातून बाहेर पडत असतानाच मला कळत होतं की हे खोटं आहे, आणि तरी मी वाक्य पुरं केलं. मनभरने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. काहीतरी आठवायचा प्रयत्न करणारी नजर होती ती. मग तिने मान खाली घातली. सर्जन तिला बरंच बोलले. तिच्या फाइलीत शेरा लिहायला मला सांगितलं आणि तो मी माझ्या अक्षरात लिहिला. म्हाताऱ्या बाबांचं ऑपरेशन दोन दिवसांनी झालं आणि ते बरे होऊन घरी गेले. मनभर पुढचे चार-पाच दिवस आली. मग येईनाशी झाली. हॉस्टेलच्या मुलींनी सांगितलं, सामान घेऊन घरी गेली, आता शिकायचं नाही म्हणते.

मी फोन करायचं ठरवत राहिले. एकदा केलाही, तिने उचलला नाही, आणि तिने उचलला नाही याचं मला बरं वाटलं.

अशा मनाने त्या वर्षीच्या राखेच्या बुधवारी मी कपाळ पुढे केलं. माणूस माती आहे याची आठवण करून देत फादरांनी राख लावली आणि मी पुटपुटत आमेन म्हटलं. त्या वर्षी मी नेहमीपेक्षा जास्त सोडायचं ठरवलं. गोड तर सोडलंच, वर चहाही सोडला. ज्यांना माझा चहा माहीत आहे त्यांना याचा अर्थ कळेल. आता वाटतं, मी देवाला चहा देऊन मनभरचं नाव त्याच्या कानावर पडू नये अशी खटपट करत होते.

चौथ्या दिवशी चहा प्यायले. आयुष्यात पहिल्यांदा उपवासकाळातलं वचन मोडलं. दुपारी डोकं ठणकत होतं, मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कप तोंडाला लावला आणि शाळेतून आलेली ईशा दारात दिसली. ईशा तेव्हा बारा वर्षांची. तिचं मराठी हिंदीच्या हातात हात घालून चालतं. ती म्हणाली, “मम्मी, तू तर चहा सोडला होता ना? मतलब, तू स्वतः बोलली होती.” तिचा आवाज काही दुखावलेला नव्हता. तिला नवल वाटलं होतं. माझ्या हातून असं काही होऊ शकतं, हे तिच्यासाठी नवीन होतं. मी तिच्यावर जोरात ओरडले. ती तिच्या खोलीत गेली. चहा मी तसाच मोरीत ओतला.

रविवारी चर्चला जात होते, पण कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला उठत नव्हते; कबूल न केलेलं पाप मनात असताना ती घ्यायची नसते. विश्वासने दोन रविवार नुसतं पाहिलं. तिसऱ्या रविवारी घरी येताना त्याने विचारलं आणि मी त्याला सगळं सांगितलं, खिशातल्या कार्डासकट. विश्वास भला माणूस आहे, पण माझ्या नोकरीची त्याला काळजी वाटली. तो म्हणाला, झालं ते झालं, ऑपरेशनही नीट झालं, आता तू हे उकरून काढलंस तर तुझ्यावरच येईल. मला हेच ऐकायचं होतं असं मला वाटत होतं. ऐकल्यावर कळलं की नव्हतं ऐकायचं.

गावाकडून आईचा फोन येतो तो रविवारी दुपारी. माझ्या ‘बरी आहे’वर तिचा कधीच विश्वास बसत नाही. त्या दिवशी तिने मला काही विचारलं नाही, बाबांचं काढलं. बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आई सांगत होती, बाबा दर वर्षी तंबाखू खायचे आणि दर वर्षी शनिवारी सायकल मारत दुसऱ्या गावच्या फादरांकडे कन्फेशनला जायचे. म्हणजे केल्या चुकांची कबुली द्यायला. येताना शीळ घालत यायचे, लांबून ऐकू यायची. मी विचारलं, तुला राग नाही यायचा? आई म्हणाली, “यायचा की. पण लपवून बसले असते तर जास्त आला असता.”

पुढच्या शनिवारी मी कन्फेशनला गेले. होळी नुकतीच झाली होती. रस्त्याच्या डांबरावर गुलाबी-हिरवे डाग होते आणि वाटेतल्या चौकात होळीच्या राखेचं काळं वर्तुळ. दोन नव्या नवऱ्या आणि काही मुली त्यातली राख ताटलीत भरून घेत होत्या, गणगौरच्या, म्हणजे इथल्या गौरीच्या, पूजेसाठी. मी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत थांबले. खरं म्हणजे वेळ काढत होते.

आमच्या चर्चमध्ये तेव्हा दोन फादर होते. एक तरुण, हळू आवाजात बोलणारे. त्यांच्यापुढे नेहमी रांग. दुसरे सत्तरीचे, बांसवाड्याकडचे, कानाने अधू. त्यांच्याकडे कोणी जायला धजत नसे, कारण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पाप सांगितलं की ते अर्ध्या चर्चला ऐकू जायचं. मी अर्थातच तरुण फादरांच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे दोघीच उरल्या असताना त्यांना कुणा आजाऱ्याकडे जाण्यासाठी बोलावणं आलं आणि ते उठून गेले. रांग मोडली. लोक इकडेतिकडे बघत बाकांवर जाऊन बसले. म्हाताऱ्या फादरांनी पडद्याआडून डोकं बाहेर काढलं, रिकामी खुर्ची पाहिली आणि माझ्याकडे बघून हात केला.

मी गुडघे टेकले आणि कुजबुजले. ते म्हणाले, “ज़ोर से बोलो, बेटी.” मी थोडं मोठ्याने सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि वॉर्डात राउंडच्या वेळी बोलते त्या आवाजात सगळं सांगितलं. कार्ड माझ्या खिशात होतं. चूक माझी होती. मी सगळ्यांसमोर ती त्या मुलीवर ढकलली. ती कॉलेज सोडून गेली. बोलून थांबले तेव्हा चर्चमध्ये पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. मागच्या बाकांवर वीसेक माणसं असतील. गंमत अशी की मला लाज वाटण्याऐवजी श्वास घेता आला. दोन महिन्यांत नीट न घेतलेला.

फादर खाली बघत हातातली जपमाळ चाळवत होते. मला वाटलं, त्यांना आताही ऐकू गेलं नाही. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून क्षमेची प्रार्थना म्हटली. इतक्या सहज, जणू मी पाणी मागितलं आणि त्यांनी ग्लास पुढे केला. मी वाट बघत होते की ते आता काही शिक्षा सांगतील, पन्नास वेळा ही प्रार्थना, इतके उपास. ते म्हणाले, “प्रभु ने तो माफ़ कर दिया, बेटी. अब उस लड़की के घर जाओ. और रोते हुए मत जाना, उसे तुम्हें चुप कराना पड़ेगा.”

पुढच्या बुधवारी शीतलाष्टमी होती. जयपुरात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. आपल्याकडच्या लोकांना हा सण फारसा माहीत नसतो. घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवतात आणि देवीला गार नैवेद्य दाखवून सगळे गारच जेवतात. शीतलामातेची सगळ्यांत मोठी जत्रा चाकसूजवळच्या टेकडीवर भरते, आणि हे मला बसमध्ये चढल्यावर कळलं. उभं राहायला जागा नव्हती. केशरी, पिवळ्या ओढण्या, डोक्यावर झाकलेल्या टोपल्या, गाणी. एका बाईने सरकून मला बसायला चार बोटं जागा दिली आणि विचारलं, एकट्याच निघालात, नैवेद्य कुठे? मी म्हटलं, कुणाला भेटायला निघाले आहे. ती म्हणाली, मग काय, हात जोडले तरी पुरे. टोंक रोडच्या दोन्ही बाजूंना मोहरी काढून झालेली शेतं होती आणि रस्त्याच्या कडेने माणसं पायी चालत होती, टेकडीच्या दिशेने. मी एकटीच त्यांच्यातून उलटी गावात शिरणार होते.

मनभरच्या वडिलांचं रस्त्यालगत पंक्चरचं दुकान. त्यामागेच घर. दुकान बंद होतं. अंगणात वडील खाटेवर बसले होते. मी कॉलेजची मॅडम म्हणून सांगितल्यावर ते ताडकन उठले, डोक्याला फेटा गुंडाळायला लागले आणि आत हाक मारली. त्यांना वाटलं, कॉलेजने मनभरला परत न्यायला मला पाठवलं. त्यांच्या चेहऱ्यावरची ती आशा बघून मला फादरांचं सांगणं आठवलं आणि मी रडले नाही.

मनभर दारात आली. वाळली होती. तिने नेहमीसारखं वाकून नमस्ते केलं. तिची आई मागे उभी होती, पीठ लागलेलं नव्हतं तरी हात पदराला पुसत. मी म्हटलं, मला तुम्हा तिघांसमोर काही सांगायचं आहे. वडिलांनी बसा म्हटलं, मी उभीच राहिले. बसले असते तर जमलं नसतं.

मी सांगितलं. तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. कार्ड माझ्या खिशात होतं. मी खोटं बोलले, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. वडिलांना नीट कळलं नसावं, त्यांनी मुलीकडे पाहिलं. मनभर दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती अगदी हळू म्हणाली, “मैडम, मैं रोज़ सोचती थी कि आपने कब बताया था. मुझे याद ही नहीं आता था.”

मी तिचं शिक्षण थांबवलं, एवढंच मला माहीत होतं. तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असेल, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. दोन महिने ती स्वतःच्या आठवणीतच चूक शोधत बसली होती. घरी तिने सांगितलं होतं की मॅडमनी सांगितलेलं मी विसरले, माझं लक्ष राहत नाही, उद्या कुणाचा जीव जाईल, मला हे काम नको. माझं खोटं तिने खऱ्याच्या जागी ठेवून दिलं होतं. मी खाटेचा खूर धरून खाली बसले आणि तिची माफी मागितली. ती आत गेली.

तिची आई माझ्याकडे बघत होती. तिने मला सांगितलं की दोन महिने पोरीच्या घशाखाली नीट घास उतरला नाही, वडिलांनी शेवटी तिच्यासाठी स्थळ बघायला सुरुवात केली. मी ऐकत राहिले. मग ती म्हणाली, “ग़ुस्सा तो है मुझे, मैडमजी. आज माता का दिन है, आज नहीं करूँगी.” आणि सणाच्या दिवशी दारात आलेलं माणूस उपाशी जाऊ द्यायचं नाही म्हणून आत जायला वळली.

पण ताट मनभरच घेऊन आली. स्टीलचं ताट, त्यात आदल्या दिवशीच्या पुऱ्या, मुगाची भजी, ताकात शिजवलेली बाजरीची राबडी आणि ओलिया, म्हणजे दह्यात कालवलेला गोड भात. सगळं गारढोण. तिने ते माझ्या पुढ्यात ठेवलं आणि पाण्याचा तांब्या डाव्या बाजूला ठेवला. मग जरा थांबून तो उजवीकडे सरकवला, माझ्या हाताला यावा म्हणून. पेशंटच्या कॉटपाशी मी त्यांना शिकवते तसा. शिकवलेलं ती विसरली नव्हती.

मी उपवासकाळात गोड सोडलेलं होतं. चहाचं वचन मोडलं होतं, गोडाचं अजून टिकलं होतं. पहिला घास मी ओलियाचाच घेतला. दही किंचित आंबट, भात थंड, मध्येच साखरेचे न विरघळलेले कण. इतकं चवदार काही मी कित्येक दिवसांत खाल्लं नव्हतं. गुन्हेगार म्हणून आलेल्या माणसाला इतकी भूक लागावी याचं मला आश्चर्य वाटलं. मी ताट निपटून खाल्लं. मनभरच्या आईने न विचारता आणखी एक पुरी वाढली आणि माझ्या खाण्याकडे बघून तिच्या ओठांच्या कडेला, अगदी नाइलाजाने, हसू आलं. जेवता जेवता वडील मला टेकडीवरच्या जत्रेचं सांगत होते. मनभर उंबऱ्यावर बसली होती. मध्येच तिने विचारलं, बाबा कसे आहेत? मला आधी कळेना. मग लक्षात आलं, ती चहा-टोस्ट खाल्लेल्या म्हाताऱ्या बाबांचं विचारत होती. ऑपरेशन छान झालं, मी म्हटलं. तिने मान हलवली, आणि मला दिसलं की तिचे खांदे खाली आले.

परतीच्या बसमध्ये देवीच्या प्रसादाचा वास होता, आणि मी खिडकीत बसून हसत होते. डोळे पुसत होते आणि हसत होते. घरी पोचल्यावर ईशाला जवळ घेऊन सांगितलं की त्या दिवशी चहा मी प्यायले होते आणि ओरडायचा मला काही अधिकार नव्हता. मग तिला कारणही सांगितलं, सगळं. ती नीट ऐकून म्हणाली, “म्हणजे तुला पण पनिशमेंट भेटणार?” भेटेल, मी म्हटलं.

भेटलीच. दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना पत्र लिहून दिलं. विश्वासने ते वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि मला स्कूटरवर कॉलेजपर्यंत सोडलं. मनभरच्या फाइलीतला शेरा काढला गेला आणि माझ्या फाइलीत एक लिहिला गेला. वर्षभर माझ्याकडचा वॉर्ड काढून घेतला. स्टाफरूममध्ये काही दिवस मी आत शिरले की बोलणं थांबायचं. सर्जननी मात्र एकदा कॉरिडॉरमध्ये मला थांबवून विचारलं, ती चाकसूची मुलगी परत आली का?

आली. दोन आठवड्यांनी. पण हजेरी कमी पडली आणि तिला मागच्या बॅचबरोबर पुन्हा बसावं लागलं. तिच्या मैत्रिणी पुढे गेल्या. ते माझ्या कुठल्याच पत्राने भरून निघालं नाही. तिची माझ्याशी फार जवळीक झाली असंही नाही. गेल्या महिन्यात ती एका सरकारी दवाखान्यात नोकरीला लागली, तेव्हा पेढे घेऊन आली. मी तिला विचारलं, तुला अजून त्याचा त्रास होतो का? तिने खोटं सांगितलं नाही. म्हणाली, कधी कधी. मग मला माझ्या हाताने तिला पेढा भरवायला लावून गेली.

लोकांना वाटतं उपवासकाळ म्हणजे उदास दिवस. मलाही तसंच वाटायचं, आणि तो उदासपणा नीट पाळता आला की मी स्वतःवर खूश व्हायचे. त्या वर्षी मी काहीच नीट पाळलं नाही. चहा मोडला, गोड मोडलं, रागावरचा ताबा तर पहिल्या आठवड्यातच सुटला. सांगण्यासारखं माझ्या हाती काही उरलं नव्हतं, आणि अशा रिकाम्या हातांनी मला जे मिळालं ते आधीच्या कुठल्याच वर्षी मिळालं नव्हतं. बाबा शीळ का घालायचे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले, त्याची आठवण. त्या वर्षी म्हाताऱ्या फादरांनी यादीत माझं नाव घातलं. मी त्यांना गाठून सांगितलं की मला नको, दुसऱ्या कुणाला घ्या, मी त्यातली नव्हे. ते कानामागे हात धरून ऐकत राहिले आणि हसून म्हणाले, साडेपाचला या.

अल्तारासमोर, म्हणजे वेदीपुढे, बारा खुर्च्या. माझ्या एका बाजूला रिक्षा चालवणारे एक गृहस्थ, दुसऱ्या बाजूला कॉलेजात जाणारी एक मुलगी. आम्ही सगळे चपला काढून, पाय शक्य तितके खुर्चीखाली ओढून बसलो होतो. माझ्या टाचा जयपूरच्या कोरड्या हवेने आणि वॉर्डात उभं राहून चिरलेल्या. मी त्यांना काही लावलंही नव्हतं. आयुष्यभर मी मुलींना पेशंटचे पाय कसे धुवायचे ते शिकवत आले. पाणी आधी मनगटावर बघायचं, टाच तळव्यात धरायची, बोटांच्या मधलं कोरडं करायचं. माझे पाय लहानपणानंतर कुणी धुतले नव्हते.

फादर एकेका खुर्चीपुढे गुडघे टेकत होते आणि दर वेळी उठताना दोघांना त्यांना हात द्यावा लागत होता. ते माझ्यापुढे आले. गुडघा जमिनीला टेकताना त्यांच्या तोंडून बारीकसा कण्हण्याचा आवाज आला. त्यांनी माझ्या उजव्या पायाकडे हात केला आणि मी पाय मागे घेतला. आपोआपच. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. टाच तळव्यात धरून पाय पुढे घेतला, भेगांवरून कोमट पाणी सोडलं, टॉवेलने बोटांच्या मधलं टिपलं आणि वाकून पायावर ओठ टेकले.

दुसरा पाय मी स्वतःहून पुढे केला.